फुटपाथवर गाडी चढवून ब्लॉक फुटले, तर तो गुन्हा होतो का?

या वेळी फुटपाथबद्दलची पत्रं आणि मेसेज एवढे आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतोय. पावसाळा संपला की दरवर्षी हे होतंच, पावसात ढिले पडलेले ब्लॉक दिवाळीपर्यंत पार उखडतात आणि मग लोक विचारायला लागतात की हे केलं कोणी आणि त्याला कोणी जाब विचारणार आहे की नाही. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोर महापालिकेने दोन वर्षांपूर्वी नवीन फुटपाथ केला, चांगला रुंद, पेव्हर ब्लॉकचा. शेजारच्या गाळ्यांमध्ये येणारे टेम्पो आणि दोन कायमच्या कार रोज त्याच्यावर चढतात. आता काठाचे दगड कलंडलेत, पंधरावीस ब्लॉक फुटलेत, चेंबरचं झाकण खाली गेलंय. पोलीस चौकीत गेलो तर म्हणाले पार्किंगचं आहे, ट्रॅफिककडे जा. ट्रॅफिकवाल्यांनी एकदा चलान केलं, दुसऱ्या दिवशी गाडी परत तिथेच. माझं म्हणणं असं की हे नुसतं पार्किंग नाही, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. माझं काही चुकतंय का? – एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : काका, तुमचं चुकत नाहीये, पण चौकीतला माणूससुद्धा पूर्ण चुकीचं बोलला नाही. गोंधळ कुठे होतो सांगतो. फुटपाथवर गाडी लावणं, त्या गाडीमुळे लोकांची वाट अडणं आणि त्या गाडीने फुटपाथ मोडणं या कायद्याच्या डोळ्यांनी तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हीची कलमं वेगळी, पुरावा वेगळा, आणि आपण मात्र एकाच तक्रारीत सगळं घालतो आणि मग समोरचा त्यातलं सगळ्यात हलकं जे असेल ते उचलतो, म्हणजे चलान.

पहिली गोष्ट सोपी आहे. फुटपाथवर गाडी लावायची नाही हे वाहतुकीच्या नियमांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे लोकांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी करता येत नाही. कलम १२७ खाली पोलीस ती टो करून नेऊ शकतात आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. दंड मात्र किरकोळ आहे, कलम १७७ मध्ये पहिल्यांदा ५०० पर्यंत आणि पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. ज्याचा रोजचा धंदा त्या जागेवर चालतो त्याला ही रक्कम पार्किंगचं भाडं वाटते, म्हणून तर गाडी दुसऱ्या दिवशी परत तिथेच.

दुसरी गोष्ट वाट अडवण्याची. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५. आपल्या ताब्यातल्या वस्तूमुळे सार्वजनिक वाटेवर कोणाला धोका किंवा अडथळा झाला तर ५००० पर्यंत दंड. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८३ होतं आणि दंड होता फक्त २००. हे दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाची परवानगी न घेता थेट गुन्हा नोंदवू शकतात. हातगाडीवाल्यांवर आणि रिक्षावाल्यांवर हे कलम लावलेलं आपण कायम बघतो, कारवर लावलेलं फार क्वचित, पण कलमात हातगाडी असा शब्द कुठेही नाहीये. इथे काही फुटलंय हे सिद्ध करायची गरजच नाही, वाट अडली एवढं पुरतं.

आता तुमचा खरा मुद्दा, मोडतोड. न्याय संहितेचं कलम ३२४ बघा. याला कायद्याच्या मराठीत 'आगळीक' म्हणतात, जुन्या संहितेत ४२५ ते ४२७ ही कलमं होती. आपण बोलताना आगळीक म्हणजे खोडी किंवा आगाऊपणा समजतो, इथे अर्थ गंभीर आहे. लोकांचं किंवा कोणा एकाचं नुकसान करायच्या हेतूने, किंवा नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, एखादी मालमत्ता नष्ट केली किंवा तिच्यात असा काही बदल केला की तिची किंमत वा उपयोग कमी झाला, तर ती आगळीक. साधी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा दंड. आणि संहितेत नव्याने घातलेलं एक पोटकलम आहे, ३२४(३), त्यात सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेचा उल्लेख करून एक वर्षापर्यंत शिक्षा ठेवली आहे. नुकसान २० हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. सार्वजनिक रस्ता महापालिकेच्या मालकीचा असतो आणि महापालिका कायद्यात रस्ता या शब्दात फुटपाथ येतोच, त्यामुळे ही स्थानिक संस्थेची मालमत्ता आहे का यावर वाद घालायला जागाच नाही. याशिवाय १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपल्याला तो फक्त दंगल आणि बसच्या काचा फोडल्यावर आठवतो. पण त्यातही व्याख्या आगळीकीचीच घेतलेली आहे, दंगल व्हावी लागते असं काही नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो, होऊ शकतो गुन्हा. पण सगळा जीव त्या एका शब्दात आहे, "माहीत असताना". कारवाला म्हणणार, साहेब मी गाडी लावली, ब्लॉक फोडायला थोडाच गेलो होतो. आणि खरंच, त्याचा हेतू फोडायचा नसतो. म्हणून हेतूच्या मागे लागूच नका. कायद्याने हेतू किंवा जाणीव असं म्हटलंय, दोन्ही लागत नाहीत. आपल्याला जाणीव सिद्ध करायची आहे.

इथे एक गोष्ट सांगतो जी मी स्वतः उभं राहून बघितली आहे. माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक टेम्पो रोज सकाळी फुटपाथवर चढतो. चाक काठाच्या दगडाला लागलं, ड्रायव्हरने जरा रेस केली, दगड कट्ट आवाज करून बोटभर मागे सरकला आणि चाक वर आलं. पहिल्या ओळीतले तीन ब्लॉक एका बाजूने दबले, दुसऱ्या बाजूने उचलले गेले आणि सांध्यातून वाळू मिसळलेलं काळं पाणी बाहेर आलं. बस. काहीही फुटलं नाही. ड्रायव्हरने वाकून बघितलं असतं तरी त्याला तडा दिसला नसता. पण फुटपाथ त्या क्षणी मोडलेला असतो, कारण पेव्हर ब्लॉक सिमेंटने चिकटवलेले नसतात, खाली वाळूचा थर असतो आणि ते एकमेकांना दाबून धरून उभे असतात, आणि या सगळ्यांना आवळून धरणारा असतो तो काठाचा दगड. तो हलला की ओळ सैल होते, वाळू निघून जाते, खाली पोकळी होते, मग पुढच्या आठवड्यात कोणाची स्कूटर गेली तरी ब्लॉक मधोमध तुटतो. ज्याने शेवटी तोडला त्याचं चाक हलकं असतं आणि ज्याने खरं मोडलं तो म्हणतो मी गेलो तेव्हा सगळं शाबूत होतं.

म्हणून व्याख्येतले "उपयोग कमी झाला" हे शब्द नीट धरून ठेवा. ब्लॉकचे दोन तुकडे होणं गरजेचं नाही. दगड कलंडला, ओळ खचली, पाय ठेवला की ब्लॉक डुगडुगतो, म्हातारं माणूस त्या बाजूने जायला घाबरतं, हे सगळं उपयोग कमी होणंच आहे.

समोरचा वकील दोन गोष्टी हमखास म्हणणार. एक, काम निकृष्ट होतं. असेलही. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आहे, आयएस १५६५८, त्यात बागा आणि आवारासाठी ५० मिलिमीटरचा ब्लॉक, हलक्या वाहतुकीला ६०, मध्यम वाहतुकीला ८० आणि जड वाहतुकीला १०० किंवा त्याहून जाड असा हिशोब दिलेला आहे. फुटपाथ माणसांसाठी असतो म्हणून त्याला पातळ ब्लॉक वापरतात, ते निकृष्ट काम नाही, ते बरोबर काम आहे. आणि समजा काम खराबच होतं, तरी नाजूक वस्तू फोडली तर ती फोडलीच. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, तो चढवणाऱ्याने ब्लॉक पातळ होता म्हणणं मला तरी पटत नाही.

दुसरं तो म्हणणार की तिथे वीस गाड्या लागतात, माझ्याच गाडीने फुटलं कशावरून. हा मुद्दा मात्र खरा आणि अवघड आहे, फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि मिळायलाच पाहिजे. बहुतेक तक्रारी इथेच पडतात कारण आपण फुटलेल्या फुटपाथचा फोटो काढतो, त्यात गाडी नसते, आणि गाडीचा फोटो काढतो तेव्हा खालचे ब्लॉक दिसत नाहीत.

तर असं करा. आधी एक साधं पत्र द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर, त्या दोन कारवाल्यांना आणि गाळेवाल्याला, गाडीचा नंबर घालून, की आपली गाडी अमुक तारखांना फुटपाथवर चढवल्यामुळे काठाचे दगड हललेत आणि ब्लॉक खचलेत, सोबत फोटो, ही महापालिकेची मालमत्ता आहे, यापुढे गाडी चढवू नये. भाषा सभ्य ठेवा, धमकी नको. पोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा, एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि एक पोलीस ठाण्याला. एवढं झालं की त्या दिवसापासून तो माणूस "मला माहीत नव्हतं" म्हणू शकत नाही. त्यानंतर गाडी चढली की ती जाणून चढवलेली आहे. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हे पत्र आहे, आणि हजारात एखादाच ते देतो, कारण आपल्याला वाटतं की शेजाऱ्याला असं लेखी कसं द्यायचं. द्या. तोंडी भांडणापेक्षा लेखी पत्राने संबंध कमी बिघडतात असा माझा अनुभव आहे.

मग फोटो आणि व्हिडिओ. गाडी चढताना, नंबर प्लेट आणि चाकाखालचे ब्लॉक एकाच फ्रेममध्ये, आणि गाडी गेल्यावर तीच जागा. सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर ते फुटेज वेळेत कॉपी करून ठेवा, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. आणि ज्या मोबाइलवर काढलंय तो मोबाइल विकू नका, कारण असा पुरावा कोर्टात द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तो कोणत्या उपकरणातून आला ते सांगावं लागतं. क्षेत्रीय कार्यालयाच्या इंजिनिअरला लेखी अर्ज देऊन जागेची पाहणी आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च मागा. हा आकडा का हवा ते वर आलंच, २० हजारांच्या अलीकडे का पलीकडे यावर पोटकलम ठरतं, आणि तुम्ही सांगितलेल्या खर्चापेक्षा इंजिनिअरने सही करून दिलेला आकडा कोर्ट जास्त मानतं. शक्य असेल तर फिर्याद महापालिकेलाच द्यायला लावा, मालमत्ता त्यांची आहे. ते हलले नाहीत तर तुम्हीही देऊ शकता, गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतो.

पोलीस बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतील कारण किरकोळ आगळीक अदखलपात्र आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. एनसी घेतली म्हणून निराश होऊ नका, ती घ्या, नंबर घ्या, मग मॅजिस्ट्रेटसमोर खाजगी तक्रार करता येते. फक्त वेळ घालवू नका, एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्षाचीच मुदत असते.

प्रश्न : मी फुटपाथवर गाडी लावणाऱ्यातलाच आहे आणि मला प्रामाणिक उत्तर हवंय. आमची गल्ली अरुंद आहे, दोन्ही बाजूंना गाड्या. मी दोन चाकं फुटपाथवर घेतली नाहीत तर ॲम्ब्युलन्स जाणार नाही. बिल्डिंग जुनी, पार्किंग नाही. मी कोणाचं नुकसान करायला लावत नाही. मग मी गुन्हेगार का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही विचारलंत याबद्दल मनापासून आभार, कारण अशी पत्रं येत नाहीत. नुसती गाडी लावली आणि काही मोडलं नाही तर आगळीक होत नाही, त्या अर्थाने तुम्ही गुन्हेगार नाही. नियमभंग मात्र रोज होतोय आणि वाट अडत असेल तर कलम २८५ लागू शकतं.

पण तुमच्या ॲम्ब्युलन्सच्या मुद्द्यावर थांबूया. तुम्ही रस्त्यावर जागा ठेवलीत ती चालणाऱ्याची जागा घेऊन. पायी चालण्याच्या सोयींसाठी भारतीय रस्ते काँग्रेसचं जे मार्गदर्शक आहे, आयआरसी १०३, त्यात चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर निघतील एवढी. जुन्या गल्ल्यांमध्ये फुटपाथच मुळात तेवढा नसतो. त्यात तुमची दोन चाकं, वरून आरसा बाहेर आलेला. बाळाची गाडी ढकलणारी बाई मग रस्त्यावर उतरते, आणि ज्या ॲम्ब्युलन्ससाठी तुम्ही जागा ठेवलीत तिच्याच समोर येते.

१९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. तिथे कोर्टाने जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असं म्हटलं, आणि तरीही सांगितलं की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत, खाजगी वापर करायचा हक्क कोणाला नाही. ज्यांना दुसरं घर नव्हतं त्यांना कोर्टाने हे सांगितलंय. मग कार ठेवायला जागा नाही हे कारण कुठे टिकणार? आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं म्हटलंय आणि दिव्यांगांना वापरता येतील असे फुटपाथ हवेत यावर भर दिलाय. तुमच्या गल्लीत पिवळ्या, उंचवट्यांच्या टाइल्स असतील तर एकदा बघा चाक नेमकं त्यांच्यावर येतंय का. अंध माणसाला पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून त्या असतात, तिथे गाडी आली की त्याला पुढे काय आहे हे गाडीला आपटल्यावरच कळतं.

करता येण्यासारखं काय आहे? गल्लीतले सगळे मिळून वाहतूक शाखेकडे एका बाजूच्या पार्किंगची किंवा सम-विषम तारखेच्या पार्किंगची मागणी करा. त्यामुळे निम्म्या गाड्यांना लांब जावं लागेल, कदाचित तुमच्याही, पण दोन चाकं वर घ्यायची गरज उरणार नाही.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते, लंडनच्या बाहेर. इथे लोक सर्रास अर्धी गाडी पेव्हमेंटवर लावतात. माझी बहीण हॅरोला आहे, ती म्हणते तिच्याकडे असं केलं तर लगेच तिकीट येतं. एकाच देशात असं कसं? आणि आमच्या समोरच्या व्हॅनमुळे फरश्या तडकल्यात तर इथल्या कायद्यात ते क्रिमिनल डॅमेज धरतील का? – एक वाचक

उत्तर : बहीण बरोबर सांगतेय. लंडनमध्ये पेव्हमेंटवर गाडी लावायला १९७४ च्या एका खास कायद्याने बंदी आहे आणि हॅरो लंडनमध्येच मोडतं. जिथे परवानगीचा बोर्ड असेल तिथेच लावायची. स्कॉटलंडने २०१९ च्या वाहतूक कायद्यात बंदी आणली आणि डिसेंबर २०२३ पासून तिथल्या कौन्सिलना दंड करता येतो, १०० पौंड, चौदा दिवसांत भरला तर ५०. लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये अशी सरसकट बंदी बरीच वर्षं नव्हती. तिथे गाडी पेव्हमेंटवर चालवणं १८३५ च्या हायवेज ॲक्टपासून गुन्हा आहे, पण उभी दिसलेली गाडी कोणी चालवून वर नेली हे सिद्ध करायला बघणारा लागतो, म्हणून ते कलम फारसं कामाला येत नाही.

आता क्रिमिनल डॅमेज. तिथला कायदा १९७१ चा. दुसऱ्याची मालमत्ता, योग्य कारण नसताना, हेतूने किंवा बेफिकिरीने खराब केली तर गुन्हा. पेव्हमेंट कौन्सिलचा, म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता झालीच. खराब होणं म्हणजे किती, यावर एक जुना खटला मला फार आवडतो कारण तो नेमका पेव्हमेंटचाच आहे. हिरोशिमाला चाळीस वर्षं झाली तेव्हा अण्वस्त्रविरोधी कार्यकर्त्यांनी पेव्हमेंटवर माणसांच्या आकृत्या रंगवल्या, पाण्याने जाणारा रंग मुद्दाम वापरला, म्हटलं पाऊस आणि लोकांचे पाय यानेच तो निघून जाईल. कौन्सिलने त्याआधीच जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तो धुतला आणि खर्च आला. १९८६ मध्ये कोर्टाने सांगितलं की हेही नुकसानच आहे, कायमचं नसलं तरी, कारण पूर्ववत करायला पैसे आणि मेहनत लागली. धुऊन जाणारा रंग जर नुकसान, तर तडकलेली फरशी नुकसान आहे का यावर फार बोलायची गरज नाही.

अडचण तिथेही मनातल्या गोष्टीचीच आहे. बेफिकिरी म्हणजे काय यावर २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, निकाल दिला. ११ आणि १२ वर्षांच्या दोन मुलांनी एका दुकानामागे वर्तमानपत्रं पेटवली, आग पसरून प्रचंड नुकसान झालं. मुलांना वाटलं होतं आग आपोआप विझेल. लॉर्ड्सनी म्हटलं की शहाण्या माणसाला काय कळलं असतं ते बघायचं नाही, या आरोपीला स्वतःला धोका कळला होता का आणि कळूनही त्याने तो विनाकारण पत्करला का, हे बघायचं. आधी १९८० च्या दशकात उलटा नियम होता, तो त्यांनी रद्द केला. म्हणजे व्हॅनवाल्याला खरंच कळलं नसेल की फरशी तडकेल, तर गुन्हा नाही. म्हणून पुण्याच्या काकांना जे सांगितलं तेच तुम्हालाही, आधी फोटोसह लेखी कळवा, कौन्सिललाही कळवा. ती व्हॅन कंपनीची असेल तर कंपनीला कळवा, ड्रायव्हरपेक्षा त्यांचा ट्रान्सपोर्ट मॅनेजर जास्त लवकर हलतो. नुकसान पाच हजार पौंडांपेक्षा कमी असेल तर असा खटला मॅजिस्ट्रेट कोर्टातच चालतो. पण दोनचार फरश्यांसाठी पोलीस तिथपर्यंत जातील अशी आशा मी देणार नाही, तुमचा खरा फायदा कौन्सिलने तिथे खांब किंवा बोलार्ड लावण्यात आहे आणि त्यासाठी तडकलेल्या फरश्यांचे तारखेनिशी फोटो तुमच्याकडे असायला हवेत.

प्रश्न : फुटपाथवरच्या गाडीची हवा सोडली तर चालेल का? एकदा अद्दल घडली की परत लावणार नाहीत. – एक कॉलेजमधला वाचक, नाशिक

उत्तर : नाही. वर ज्या कलम ३२४ बद्दल लिहिलंय तेच तुझ्यावर लागेल. हवा सोडल्याने गाडीचा उपयोग कमी होतो, आणि तुझ्या बाबतीत तर हेतूसुद्धा उघड आहे, म्हणजे कारवाल्यापेक्षा तुझ्यावर गुन्हा सिद्ध करणं सोपं. व्हॉल्व्ह काढणं, आरसा वाकवणं, काचेवर न निघणारा स्टिकर चिकटवणं, सगळं यातच येतं. तुझा राग योग्य आहे, तो फोटोत आणि तक्रारीत घाल.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची. देवळातून येताना फुटपाथवरच्या ढिल्या ब्लॉकवर पाय पडून पडली, मनगट मोडलं, प्लेट घातली. त्या जागेवर रोज पाण्याचे टँकर चढतात हे सगळ्या वाडीला माहीत आहे. नुकसानभरपाई कोणाकडे मागायची, टँकरवाल्याकडे की महापालिकेकडे? – एक वाचक, मुंबई

उत्तर : ताई, वाचून फार वाईट वाटलं. या वयात मनगट मोडलं की साधा चहाचा कप उचलायला महिने लागतात, माझ्या मावशीचं बघितलंय.

दोघांकडे मागता येईल. महापालिकेकडे आधी. फुटपाथ चालण्याजोगा ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली आहे, मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख, आणि दावे बघायला समित्या नेमायला सांगितल्यात. तुमचं प्रकरण फुटपाथचं आहे म्हणून ते लोक कदाचित म्हणतील की हा खड्डा नाही. तुम्ही म्हणा की महापालिका कायद्यात रस्त्याच्या व्याख्येत फुटपाथ येतो आणि खचलेली जागा हा खड्डाच आहे. अर्ज लगेच करा, हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, एक्स-रे, बिलं आणि त्या जागेचा फोटो लावून.

टँकरवाल्याचं बघायचं तर जाणीव इथे दाखवणं सोपं आहे, कारण तो रोजचा आहे आणि वाडीतल्या लोकांनी त्याला सांगितलेलं असणार. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांचे जबाब महत्त्वाचे ठरतील. आगळीकीबरोबरच न्याय संहितेच्या कलम १२५ चा विचार पोलिसांना करायला सांगा, बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं, आणि त्यात गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच धरतात. टँकर कोणाचा, कोणत्या सोसायटीला पाणी देतो, हेही तक्रारीत लिहा, कारण तो फुटपाथवर चढतो तो त्या सोसायटीच्या टाकीपर्यंत पाइप पोचावा म्हणून, आणि सोसायटीने लांब पाइप घेतला तर त्याला चढायची गरजच पडणार नाही.

आणि एक आजच करा. तो ब्लॉक दुरुस्त व्हायच्या आधी कोणाला तरी पाठवून जागेचा व्हिडिओ काढून घ्या, ब्लॉकवर पाय ठेवून तो कसा डुगडुगतो ते दिसेल असा, शेजारी फूटपट्टी ठेवून किती खचलाय ते दाखवून, मागे दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर दिसेल अशा बेताने. तक्रार गेली की अशा जागा कधीकधी एका रात्रीत नीट होतात, आणि मग आई कशावरून पडली हे दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.